भूपालमामांची बशी

दुपारी जेवून सोफ्यावर आडवा होतो तेव्हा माझ्या पोटावर स्टीलचा डबा आहे. डब्यात पांढरा चहा आहे. पांढरा म्हणजे दुधाचा नव्हे. चीनमधल्या कुठल्याशा डोंगरावरचा, सेंद्रिय, नुसत्या कळ्यांचा. तान्ह्या बाळाच्या कानावर असते तशी त्या कळ्यांवर लव असते. आता तो एका किटलीपुरता उरलाय. मी श्वास घेतला की डबा वर जातो, सोडला की खाली येतो. सध्या जगातल्या एवढ्याच गोष्टीवर माझा ताबा आहे.

पाच वाजता त्रिशलामामी येणार आहेत. उद्या त्या इचलकरंजी सोडून कायमच्या नाशिकला, लेकीकडे चालल्यात. सकाळी त्यांचा फोन आला.

"सम्या, मामांचं ते गरम पाणी एकदा पिऊन बघावं म्हणते मी. हाय का न्हाई तुझ्याकडं थोडं?"

"आहे मामी."

"मग येते पाचला. आणि माझी एक बशी सापडंना झालीया. कप सहा हायत, बश्या पाचच. तू न्हेलीस व्हय?"

"मी बशी कशाला नेऊ? माझ्याकडं मग आहेत."

"तेच म्हणते मी. मगात चहा पिणाऱ्याचा काय भरवसा."

फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की हा चहा करतात कसा, हे मला माहीत नाही. भूपालमामांच्या घरी तो मी कित्येक रविवारी प्यालोय. पण मामांच्या किटलीला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. मी समोर बसायचो, बडबडायचो आणि प्यायचो. या तिन्ही कामांतून चहा करण्याचं ज्ञान मिळत नाही. इंटरनेटवर विचारलं तर एक जण म्हणतो पाणी खळखळतं पाहिजे, दुसरा म्हणतो खळखळत्या पाण्यानं कळ्या मरतात, तिसरा म्हणतो आधी आमची किटली विकत घ्या. सरावासाठी घरातल्या साध्या चहापुडीवर प्रयोग केला. तयार झालेलं पाणी बघून नगरपालिकेला फोन करावासा वाटला.

किटली एकदाच होणार. मामीही एकदाच येणार. आणि ज्यांना विचारायचं ते दिवाळीच्या आधीच गेले.

मी घरबसल्या एका इंटरनेट कंपनीच्या तक्रारी ऐकतो. माणसं फोनवर रडकुंडीला येतात आणि मी सांगतो, राउटर बंद करा, थोडं थांबा, पुन्हा चालू करा. बहुतेक वेळा होतो चालू. त्यामुळे दवाखान्यात मामांच्या खाटेशी उभा होतो तेव्हा डॉक्टरांना हेच सुचवायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

पंखा फिरतोय. जुना आहे, आवाज करतो. खट्, खट्, खट्. डोळे मिटले की तो आवाज हळूहळू यंत्रमागाचा होतो. इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला मागाच्या आवाजात झोप लागते. जाग येते ती आवाज थांबल्यावर.

खट्, खट्.

"सरक की जरा," कुणीतरी म्हणतं.

मी सरकतो. माझ्या पायाशी भूपालमामा बसतात. पट्ट्यापट्ट्याचा लेंगा, खिशाचं बनियन, खिशात दहा-बाराचा पाना. जन्मभर ते मागाचे जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे, आणि तो पाना ते लग्नकार्यातसुद्धा जवळ बाळगायचे.

"मामा, तुम्ही वारलाय."

"म्हाईत हाय. पेपरात हुतं." ते डब्याकडे बघतात. "फोटो लई जुना छापलासा."

"नवा नव्हता तुमचा."

"आधार कार्डावरचा हुता की."

"तो छापला असता तर माणसं घाबरून आली नसती."

मामा हसतात. म्हणजे त्यांचे खांदे हलतात, आवाज येत नाही. मागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या माणसाला आवाज करून हसायची सवय राहत नाही. कुणाला ऐकूच जात नाही तर कशाला, असा त्यांचा हिशेब.

"मग? काय अडलंय?"

"मामी येणार आहेत पाचला. तुमचा चहा प्यायला."

खांदे थांबतात. "कोण? आमची?"

"मला दुसरी कुठली मामी आहे का?"

"सोताहून म्हणली?"

"स्वतःहून."

मामा बनियन खाली ओढून नीट करतात, तळहातानं केस बसवतात. जणू मामी आत्ताच दारात येऊन उभ्या राहिल्यात. मग डबा उचलून कानापाशी हलवतात.

"एका टायमाचाच हाय."

"हो."

"मग चुकलास तर मेलास."

"हे तुम्ही मला सांगताय?"

"चल ऊठ," ते म्हणतात.

मी सोफ्यावरून पाय खाली टाकतो तर फरशी नाही, सुताचा मऊ कचरा आहे. आम्ही मागाच्या शेडमध्ये आहोत. सगळे माग चालू आहेत, पण कुठेच सूत नाही. एका बाजूनं वाफ आत जाते आणि दुसऱ्या बाजूनं धुकं विणून बाहेर येतं. दोन माणसं धुक्याच्या घड्या घालून टेम्पोत भरतायत. यात कुणालाच काही विशेष वाटत नाही. टेम्पोवाला फक्त म्हणतो, ओलं भरू नका, वजन वाढतं.

"भूपालअण्णा, ताणा तुटला!" कोपऱ्यातून एक जण ओरडतो.

मामा जातात, धुक्याची दोन टोकं चिमटीत धरतात, गाठ मारतात, परत येतात. हात लेंग्याला पुसतात. "परदेशी मशीन हाय. जपाय लागतंय."

या मशीनपायीच ते चीनला गेले होते. शेडच्या मालकानं नवे माग मागवले आणि ते शिकून घ्यायला मामांना तिकडे पाठवलं. तिथल्या लिन नावाच्या इंजिनिअरनं सुट्टीच्या दिवशी त्यांना आपल्या डोंगरातल्या गावी नेलं आणि लिनच्या आईनं घरच्या बागेतल्या चहाचा पुडा हातात ठेवला. पुढं बरीच वर्षं, मशीनचे सुटे भाग आले की त्यांच्या खोक्यात एक पुडा असायचा. पुड्यावर चिनी अक्षरं होती. मामा त्यांवर बोट ठेवून वाचून दाखवायचे, "औषध मारलेलं न्हाई." मामांना चिनी येत नव्हतं, पण एकदा ठरवलं की ते वाचू शकायचे.

"वर चल," मामा म्हणतात आणि शेडच्या लोखंडी शिडीवर चढतात. मी मागून चढतो. डबा काखेत आहे.

वर पत्रे नाहीत, मामांच्या घराची गच्ची आहे. मामींचं जुनं पातळ पसरलंय, त्यावर कुरडया, सांडगे, पापड. शेजारी वेळूच्या मोठ्या सुपांत पांढऱ्या कळ्या. कठड्यापलीकडे रोज सूतगिरणीची चिमणी दिसते. आज तिथं चीन आहे. हिरवा, ढगात बुडालेला, कठड्यावरून हात लांबवला तर लागेल इतका जवळ. वाळवणापाशी लिनची आई काठी घेऊन बसलीय. ती काहीतरी म्हणते. मला चिनी येत नाही, पण सगळं समजतं, कारण वाळवणाजवळ बसलेली बाई जगात कुठंही एकच वाक्य बोलते.

"कावळं आलं बघ!"

मी हुसकावतो.

"हे काय दिसतंय तुला?" मामा सुपाकडं बोट करतात.

"चहा."

"येड्या, वाळवण हाय. भाजलं न्हाई, मळलं न्हाई, औषध मारलं न्हाई. तोडलं, पसरलं, वाऱ्यावर वाळवलं. बास." ते एक कळी उचलून मामींच्या कुरडईशेजारी ठेवतात आणि दोन्हीकडं बघत राहतात. "सगळ्या गल्लीत तुझ्या मामीसारखी कुरडई कुणाची न्हाई. चीक कुठवर आटवायचा, ऊन कुठलं, वारं कुठलं, सगळं तिला कळतंय. तिला नुसतं म्हणलो आसतो, अगं हे वाळवण हाय, तर पयल्या दिवशीच पटलं आसतं."

"मग काय म्हणालात?"

"आंतरराष्ट्रीय चहा हाय, हात लावू नको म्हणलो."

"का?"

"नवाच आलतो परदेशातनं." मामा कठड्याला टेकतात. "जरा हवा गेलती डोक्यात."

लिनची आई मान हलवते. तिलाही नवरा असणार.

तेवढ्यात एक कावळा तिच्या काठीखालून येतो, कळी चोचीत धरतो, डोळे मिटून चव घेतो आणि कळी जागेवर परत ठेवतो.

"फिकाय," कावळा म्हणतो.

मी त्याला ओळखतो. हे नाशिकचे काका. मामांच्या लेकीचे, स्नेहलचे, चुलतसासरे. त्यांनी चष्मा लावलाय आणि ते मामांच्या बाहेरच्या खोलीत पाहुण्यांच्या खुर्चीवर बसलेत. सगळेच बसलेत. हा स्नेहलला बघायला आल्याचा दिवस आहे आणि तो अजून संपलेला नाही. पोह्यांच्या बश्या रिकाम्या आहेत. नवरा मुलगा पंख्याकडं बघतोय. चहा यायचाय.

मामा चीनहून परतले त्याच आठवड्यातली ही गोष्ट. मामींनी विचार केला, पाहुणे खास, तर चहाही खास करू. पुडा फोडला. आता स्वयंपाकघराच्या दारातून मला त्या पाठमोऱ्या दिसतात, वेणी आहे, वेणीत अबोलीचा गजरा आहे. पातेल्यात पाणी, साखर, वेलची, गवती चहा. वर कळ्या. रंग येईना, म्हणून आणखी कळ्या. तरी येईना, म्हणून आणखी. उकळ्यांवर उकळ्या. मग दूध घातलं, आणि जो काही थोडा रंग आला होता तोही गेला.

मामी ट्रे घेऊन बाहेर येतात. कप ट्रेमध्ये किणकिणतात. काका एक घोट घेतात.

"फिकाय."

पुढं लग्न जमलं, थाटात झालं, स्नेहल सुखात आहे. पण ते काका आजही कुठल्याही कार्यात मामी दिसल्या की चारचौघांत विचारतात, "काय म्हणतायत आमच्या फिक्या चहावाल्या विहीणबाई?" सगळे हसतात. मामी पण हसतात. आणि उद्यापासून मामी त्यांच्याच घरात राहणार आहेत.

खोलीत दोन मामा आहेत. एक बनियनवर माझ्याजवळ, आणि एक सफारी घालून खुर्चीत. सफारीतले मामा कप तोंडाला लावतात. "वा!" म्हणतात. संपवतात. दुसरा मागतात, तोही संपवतात. शेवटी काकांनी बाजूला ठेवलेला उचलतात आणि तोही पितात.

"खरं सांगा, कसा लागला होता?" मी हळूच विचारतो.

"बासुंदीत पाऊस पडल्यासारखा."

"मग तीन-तीन कप कशाला?"

"तिचा हात कापत हुता रं," बनियनमधले मामा म्हणतात.

ट्रे घेऊन मामी आत वळतात. त्या आमच्या अंगावरून जातात, पण आम्ही त्यांना दिसत नाही. मामा बाजूला होऊन वाट देतात.

"तिला वाटलं मी थट्टा केली. संध्याकाळी मी सोता नीट करून दाखवला तर आणिकच बिघडलं. बोलली न्हाई काय, पर त्या दिवसापासनं ह्या चहाला तोंड लावलं न्हाई तिनं. म्हणलं, कवातरी म्हणंल, द्या बघू घोटभर. मी वाट बघितली." ते खिशातल्या पान्याला चाचपतात. "तिनंबी बघितली आसंल, मी इचारायची."

पाहुणे उठतात. त्यांच्या खुर्च्या फोल्डिंगच्या होतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि खोलीचं सभागृह होतं. मंचावर समई, मागं फ्लेक्स, आणि निवेदक बाई माइकमध्ये फुंकतात. "आता कार्यक्रमाच्या शेवटी आभारप्रदर्शन. करतायत चिरंजीव सम्यक."

आभारप्रदर्शन हा शब्द ऐकला की आमच्याकडं माणसं कशी उठतात ते तुम्हाला माहीत असेल. इमारत पडतेय म्हटलं तरी एवढ्या शिस्तीत उठणार नाहीत. अल्पोपहार मागच्या बाजूला असतो. पण भूपालमामा उठायचे नाहीत. कुठल्याही कार्यक्रमाला मला बरोबर न्यायचे आणि शेवटी मी उठायला लागलो की बाही धरून खाली बसवायचे. "बस. येवढं पाठ करून आलाय तो. कुणीतरी ऐकाय पायजे."

मी माइकपुढं उभा आहे. सभागृह रिकामं होतंय. पहिल्या रांगेत एकटे मामा बसलेत, बनियन आणि लेंग्यात, हाताची घडी घालून.

"सर्वप्रथम," मी म्हणतो, "मंडपवाले आणि ध्वनिक्षेपकवाले यांचे आभार."

मामा टाळी वाजवतात.

"त्यानंतर भूपालमामांचे. मी इंजिनिअरिंग सोडून घरी आलो त्या रविवारी सगळ्यांनी मला काही ना काही विचारलं. समोरच्या घरात नुकतेच राहायला आलेले भाडेकरू, त्यांनी सुद्धा विचारलं. मामांनी विचारलं नाही. त्यांनी किटली ठेवली. काचेच्या पेल्यात कळ्या उभ्या राहिल्या. मामा म्हणाले, बघ, खाली जायला येळ लागतो, पर बसत्यात जागेवर. मला वाटलं ते माझ्याबद्दल बोलतायत. मला खूप धीर आला. नंतर कळलं की ते चहाबद्दलच बोलत होते. तरी धीर आला तो आलाच, तो काही मी परत केला नाही."

मामांचे खांदे हलतात.

"हे. याबद्दल. माझ्या प्रत्येक विनोदाला खांदे हलवल्याबद्दल. न कळलेल्या विनोदांनाही. घरात सगळे म्हणायचे, हा काही गंभीरपणे घेत नाही. तुम्ही म्हणालात, त्याला बोलू द्या, चहा मुरतोय तवर. मला वाटत होतं मी दर रविवारी तुमची करमणूक करायला येतो. आता कळतंय की तो माझा आठवड्याचा औषधोपचार होता, आणि मला त्याची चव पण आवडायची."

खुर्च्यावाला एकेक खुर्ची मिटत पहिल्या रांगेपर्यंत आलाय. मामांपाशी थांबतो. मामा पाय वर घेतात, तो खाली झाडू मारतो, मामा पाय खाली ठेवतात. उठत नाहीत.

"मामा, मी तुमचा आभारी आहे."

आमच्या घरात हे वाक्य याआधी कुणी उच्चारलेलं नाही. बँकेतून आल्यासारखं वाटतं. माइकला पण तसंच वाटत असावं, तो किंचाळतो.

"झालं?" मामा विचारतात.

"झालं."

"चांगलं बोललास." ते गुडघ्यावर हात टेकून उठतात. "फुडच्या टायमाला जरा लवकर घे."

"काय?"

"आभार. शेवटाला ठिवू नये. माणसं उठून जात्यात."

मी माइक धरून उभा आहे. मला यावर एक चांगला विनोद सुचतो. मी माइक बंद करतो.

"चल," मामा म्हणतात, "पाणी ठिव."

मंचावरून उतरलो की माझं स्वयंपाकघर. सिंकमध्ये ढग साचलाय. त्यात एक चमचा बुडालेला आहे. गॅसवर पाणी उकळतंय. ते मी कधी ठेवलं मला आठवत नाही, पण स्वप्नात गॅस फार कमी लागतो, हे मी आत्तापर्यंत ओळखलंय.

"बशी कुठाय?" मामा विचारतात.

"माझ्याकडं बशी नाही. मग आहेत."

मामा माझ्याकडं असे बघतात जसे ते नवख्या कामगाराकडं बघायचे, ज्यानं मागात आडव्या सुताचा धोटा उलटा घातलाय. मग बनियनच्या खिशात हात घालतात. पाना जिथं होता तिथून बशी काढतात. पांढरी, काठाला निळी रेघ, एका जागी टवका उडालेला.

"मामा! मामी ही शोधतायत सकाळपासून."

"शोधू दे. एकच आणली. कप ठिवलाय तिच्याकडं."

ते उकळतं पाणी बशीत ओततात. आपल्याकडं माणसं चहा बशीत ओततात. मामा पाणी ओततात. काठोकाठ भरलेली बशी, आणि तिच्यावर वाफेची झुलणारी चादर. हे मी दर रविवारी बघत होतो. मला वाटायचं ते बशी धुतायत.

"बोट लाव काठाला," मामा म्हणतात.

मी लावतो. "आई गं!"

"चटका बसला? मग थांब. आता लाव."

"आता बसत नाही. बरं वाटतंय."

"मग उशीर झाला. वत ते, दुसरं घे." ते पुन्हा ओततात. "बोट ठिव आणि सोताला इचार. काढावं की नको, आसा प्रश्न पडला की समज झालं. तवाच किटलीत कळ्यांवर वतायचं. बशी-बशी करून."

"थर्मामीटर लावला तर?"

"त्याला प्रश्न पडतो का?"

मी बोट ठेवतो. थांबतो. आणि एका क्षणी खरंच पडतो. मामा माझ्या चेहऱ्याकडं बघून मान हलवतात. बशी-बशी करून पाणी किटलीत जातं. कळ्या वर येतात, दाटीवाटीनं उभ्या राहतात, आभारप्रदर्शनाला कुणीच न उठल्यासारख्या.

"किती वेळ ठेवायचं? मिनिटं सांगा."

"तिकडं घड्याळ न्हाई." ते खुर्ची ओढून बसतात. "एक अख्खा विनोद मनात आठवायचा. पयल्यापासनं शेवटापातूर. आणि सांगायचा न्हाई. तेवढ्यात हुतो."

"न सांगता?"

"न सांगता."

"हे फार अवघड आहे, मामा."

"म्हणून तर तुला कवा किटलीला हात लावू दिला न्हाई."

मीही बसतो. मी एक आठवतो. चांगला आहे. अर्ध्यावर मला हसू येतं, मी दाबतो. मामांचे खांदे हलतायत, म्हणजे त्यांचा पण चालू असणार. बाहेर, भिंतीपलीकडं, माग चालू आहे. खट्, खट्. एक कळी वाट बघून बघून तिरपी होते आणि खाली निघते. पाणी किंचित पिवळं होतं, उन्हानं आत डोकावावं एवढंच. वास येतो तो वाळत घातलेल्या पातळाचा, गच्चीचा, दुपारचा. जुना चहा आहे. मामा म्हणायचे, ह्यो जुना झाला की सुधारतो, आपल्यासारखा न्हाई.

"साखर तर नाहीच," मी म्हणतो. साखर मागितली म्हणून त्यांनी सख्ख्या व्याह्यांना आपल्या टेबलावरून उठवलेलं मी पाहिलंय.

मामा किटलीकडं बघत राहतात.

"तिच्या कपात दोन चमचं घाल."

"मामा! तुम्ही?"

"साखरेबिगर पीत न्हाई ती. आणि हलवून दे, तिला खाली राहिलेली चालत न्हाई." ते बशी माझ्यापुढं सरकवतात. त्यांच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास आहे, धुऊन न जाणारा. "आणि सांग तिला,"

खट्. खट्.

"काय सांगू?"

मामा तोंड उघडतात. तेवढ्यात माग थांबतो.

आवाज थांबला म्हणून मी जागा होतो. लाइट गेलीय. पंखा शेवटची गिरकी घेऊन लोंबकळतोय. डबा पोटावर आहे, गालावर सोफ्याच्या शिवणीचा वळ आहे. घरात इतकी शांतता आहे की पहिल्यांदा मला दार वाजतंय हेच कळत नाही.

"सम्या! बेल वाजंना तुझी. दार उघड की."

"आलो मामी!"

"झोपलावतास व्हय? मी पाचला येते म्हणलेवते ना?"

"आलो, आलो."

"सापडंना बाबा ती बशी कुठं. सगळी खोकी उपसली."

वाळवण, मी स्वतःशी म्हणतो. उठल्या उठल्या आधी तेवढं सांगायचं. मामी, हे वाळवण आहे, तुमच्या कुरडईसारखं. त्यानंतर साखर, दोन चमचे, हलवून. आणि आभार आजच मानायचे, उद्या गाडीच्या खिडकीशी नाही.

चप्पल शोधायला खाली वाकतो आणि तसाच राहतो.

सोफ्याशेजारच्या स्टुलावर बशी आहे. माझ्या घरात बशी नाही, हे मी आधी सांगितलंय. पांढरी, काठाला निळी रेघ, एका जागी टवका. काठोकाठ पाणी आहे आणि त्याच्यावर बारीक वाफ आहे.

"सम्या, हाईस का मेलास?"

"आहे, मामी!"

मी काठाला बोट लावतो. काढावं की नको, असा प्रश्न पडतो.